नोटीस येण्याआधी विद्यार्थी येऊ द्या

भंगाराचा भाव, सुताचा नंबर, चामड्याची प्रत या गोष्टी आपल्या व्यापारी बंधूंना कोणी शिकवाव्या लागत नाहीत. परंतु आपल्याच गाळ्यातून निघणाऱ्या धुरात काय आहे, गटारात सोडलेल्या पाण्यात काय मिसळले आहे, असे विचारले तर बहुतेकांजवळ उत्तर नसते. ते मिळते तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोटिशीतून मिळते, नाहीतर डॉक्टरांच्या कागदावरून. दोन्ही वेळा उशीर झालेला असतो.

दुसऱ्या बाजूला महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय शिकवला जातो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला की, सिनेमागृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवाव्यात, आकाशवाणी-दूरदर्शनवरून माहिती द्यावी आणि हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा. त्यानंतर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रम आला, प्रकल्प आले. आणि प्रकल्प म्हणजे काय, तर इकडून तिकडून उतरवून काढलेली वीस पाने! मुलाला गुण मिळतात, समाजाला काही मिळत नाही.

आमचे म्हणणे असे की, या दोन गरजांची गाठ घालून द्यावी. पर्यावरणाचे विज्ञान सोप्या भाषेत सांगण्याचे काम शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या कारखान्यांनी आणि व्यापारी संघटनांनी इंटर्न म्हणून घ्यावे. इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी गोष्ट नवी नाही. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द बसतो, हे आपल्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. फरक इतकाच की हा शागीर्द आपल्याकडून काम शिकेल आणि आपल्याला त्या कामाचे विज्ञान सांगेल.

हे विज्ञान वेळेवर न कळल्याची किंमत काय असते, ते कानपूरच्या चामडे व्यापाऱ्यांना विचारावे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने जाजमऊ भागातील, सांडपाण्यावर प्राथमिक प्रक्रिया न करणाऱ्या टॅनऱ्या बंद करण्याचा आदेश दिला. रोजगारापेक्षा लोकांचे आरोग्य आणि पर्यावरण महत्त्वाचे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आता याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहा. क्रोमने चामडे कमावताना घातलेल्या क्रोमचा साधारण एक तृतीयांश भाग चामड्यात न मुरता पाण्याबरोबर वाहून जातो. म्हणजे व्यापारी पैसे मोजून आणलेला माल गटारात ओततो. हा क्रोम मॅग्नेशियम ऑक्साइडच्या साहाय्याने पाण्यातून परत काढता येतो आणि पुन्हा वापरता येतो. ही पद्धत चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने आपल्या देशातील टॅनऱ्यांसाठी विकसित केली. ‘नदी दूषित होते’ असे सांगितले तर व्यापारी मान हलवतो. ‘तुमचा क्रोम वाहून चालला आहे’ असे सांगितले तर तो खुर्ची पुढे ओढतो. विज्ञान समजावून सांगणे म्हणतात ते हेच.

भोपाळचे उदाहरण तर याहून जळजळीत आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने मोहम्मद अशरफ हा कामगार मरण पावला. त्याचे मित्र, पत्रकार राजकुमार केसवानी यांनी तेव्हापासून त्या वायूंचा अभ्यास केला आणि १९८२ मध्ये आपल्या छोट्याशा हिंदी साप्ताहिकातून शहराला वारंवार इशारा दिला. कोणी मनावर घेतले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला आणि हजारो लोक मेले. हवेपेक्षा जड असलेला तो वायू जमिनीलगत पसरत होता आणि लोक त्यातूनच धावत होते. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी साधी सूचनाही त्या वस्त्यांना आधी मिळालेली नव्हती. कारखान्यातील विज्ञान वस्तीच्या भाषेत सांगणारा एक माणूस होता, पण त्याच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही.

आज आपल्या वस्त्यांत असा कोणता धोका आहे? आमच्या मते पहिले नाव शिशाचे घ्यावे लागेल. जुन्या बॅटऱ्या फोडणे, शिसे वितळवणे ही कामे जेथे दाटीवाटीच्या गल्लीत चालतात, तेथे शिशाची धूळ कामगाराच्या कपड्यांवरून घरी जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण माहीत नाही आणि लहान मुलाच्या शरीरात मोठ्या माणसाच्या चार ते पाच पट शिसे शोषले जाते. त्याचा परिणाम मेंदूवर होतो. मूल अभ्यासात मागे पडते आणि आपण त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात, चिंताजनक प्रमाणात शिसे आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे नियम आहेत आणि जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत रिसायकलरकडेच गेल्या पाहिजेत. इंटर्नने माहितीपत्रक लिहिले म्हणून गल्लीतील भट्टी कायदेशीर होत नाही. मात्र हा नियम कशासाठी आहे, हे कळलेला माणूस तो मनापासून पाळतो. वायर जाळून तांबे काढणाऱ्यांचेही तसेच. प्लास्टिकच्या आवरणातून ॲसिडचा धूर आणि डायॉक्सिनसारखी विषे निघतात, हे एक. आणि जळक्या तांब्याला सोललेल्या स्वच्छ तांब्याचा भाव येत नाही, हे दुसरे. पहिली गोष्ट विद्यार्थी सांगेल, दुसरी आपण त्याला सांगाल. दोन्ही मिळून एक कागद तयार होईल, जो कामगार वाचेल.

काही बंधू विचारतील, “हा मुलगा आमच्या गाळ्यात येणार, फोटो काढणार आणि उद्या इन्स्पेक्टर दारात उभा राहणार, त्याचे काय?” ही भीती खोटी नाही. म्हणून आधीच लेखी ठरवावे की, काय छापायचे, कोणाचे नाव द्यायचे नाही, फोटो कोणाला विचारून काढायचे. पण एक सांगतो, ‘चांगले तेवढेच लिही’ असे म्हणायचे असेल तर इंटर्न घेऊच नये. जाहिरात लिहून घ्यायला पेंटर पुरेसा आहे. आणि जी गोष्ट विद्यार्थ्यापासून लपवावीशी वाटते, ती बहुधा आपणच आधी दुरुस्त करायला हवी.

महाराष्ट्रात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ऑन-जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट यांना क्रेडिट आहेत. चार क्रेडिट म्हणजे साधारणपणे १२० तास. विद्यार्थी जागा शोधत फिरतात आणि शेवटी ओळखीच्या दुकानातून नुसता सही-शिक्का आणतात. आपल्या संघटनेने जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक पत्र लिहिले तर चांगले विद्यार्थी मिळू शकतात. एकट्याला खर्च परवडत नसेल तर दहा गाळेवाल्यांनी मिळून दोन विद्यार्थी घ्यावेत. त्यांचे येण्याजाण्याचे भाडे, जेवण आणि काही मानधन द्यावे. फुकट राबवू नये. त्यांना चहा आणायला किंवा बिले फाडायला बसवू नये आणि भट्टीजवळ, ॲसिडजवळ तर मुळीच पाठवू नये. मुली येणार असतील तर वेळ आणि जागा त्यांच्या घरच्यांना सांगून ठरवावी.

काम मात्र चोख मागावे. आपला धंदा लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा अशा वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडतो, संमतीपत्रातील अटींचा साध्या भाषेत अर्थ काय, याचे एक पान. भिंतीवर लावायचा एक चित्रफलक. आणि वाचता न येणाऱ्या कामगारांसाठी मोबाइलवर दोन मिनिटांचे बोलणे, मराठीत आणि उर्दूत. मग पाच कामगारांना विचारावे, काय समजले? पाचांपैकी तिघांना सांगता आले नाही तर पुन्हा लिहायला लावावे. ही परीक्षा विद्यापीठाच्या परीक्षेपेक्षा कठीण आहे आणि जास्त उपयोगाची.

आपल्याच मोहल्ल्यात बी. एस्सी. करणारी मुले-मुली आहेत. नोटिशीतील इंग्रजी त्यांना वाचता येते आणि कारखान्यातील बोली त्यांची घरचीच आहे. दोन्हीकडची भाषा येणारा असा माणूस बाहेरून पगार देऊन आणायचा तर महाग पडेल. तो आपल्या दारात उभा आहे. येत्या सत्रात आपल्या संघटनेच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि महाविद्यालयाला पत्र पाठवावे, एवढीच आमची विनंती आहे.