निवडणुकीचा खर्च कोणाच्या खिशातून? १९५७ सालचा एक विस्मृत इशारा

१/ “आमच्या करांचा पैसा पुढाऱ्यांच्या प्रचाराला कशासाठी?” निवडणुकीला सरकारी निधी द्यावा, असे म्हणताच हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. पण आज तो खर्च आपण करत नाही, हे त्यातले गृहीतक खोटे आहे. #थ्रेड

२/ १९५७. पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये बदल हवा होता. एका भागधारकाने हरकत घेतली. कायदा कंपनीच्या बाजूचा असल्याने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी बदलास मान्यता दिली; परंतु ही प्रथा लोकशाहीचा गळा घोटू शकेल, असा इशारा देऊन संसदेने लक्ष घालावे, असेही सुचवले.

३/ संसदेने १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली, पण पर्यायी निधी उभारला नाही. पैसा थांबला नाही, हिशेबाबाहेर गेला. १९८५ मध्ये बंदी उठली.

४/ १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत धरला. काही आठवड्यांतच वटहुकूम निघून तो निकाल निष्प्रभ झाला. आज विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे. पक्षाला मर्यादाच नाही.

५/ २००३ च्या कायद्याने देणगीदारांना करसवलत दिली. पक्षांचे उत्पन्नही अटींवर करमुक्त आहे. म्हणजे बुडालेला कर आपणच भरतो, फक्त कोणाला किती द्यायचे हे देणगीदार ठरवतो! निवडणूक रोख्यांनी तर त्याचे नावही झाकले. ते रोखे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरले.

६/ इंद्रजित गुप्ता समितीने १९९८ मध्येच मान्यताप्राप्त पक्षांना रोखीऐवजी वस्तुरूप साहाय्य सुचवले होते. आक्षेप असा की, याने प्रस्थापितच पोसले जातील. आक्षेप खरा आहे. म्हणून अपक्षांनाही वाटा हवा आणि पक्षखर्चावर मर्यादा हवी.

७/ मर्यादा सर्वांना बंधनकारक नसेल, तर काय होते? अमेरिकेत १९७६ पासून अध्यक्षीय उमेदवारांना सरकारी निधी मिळे. तो घेतल्यास खर्चाला मर्यादा. २००८ मध्ये ओबामांनी तो नाकारला, खासगी देणग्यांवर कितीतरी अधिक खर्च केला आणि व्यवस्था कोलमडली.

८/ सातपूरच्या कारखान्यातील कामगाराला मताचा अधिकार आहे, उमेदवारीचाही आहे. मात्र ४० लाख त्याने आणायचे कुठून? ज्याच्याकडून आणील, त्याचाच तो आमदार होईल. छागलांचा इशारा हाच होता.