बंदर जनतेचे, हिशेब कोणाला?

आपल्या उरणजवळच्या न्हावा-शेवा बंदरात जून २०१७ मध्ये संगणकावरील हल्ल्याने एका खासगी टर्मिनलचे काम अडले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर बंदराच्या स्वतःच्याच टर्मिनलची यंत्रणा कोलमडली; खंडणीखोर विषाणूचा संशय होता, जहाजे दुसरीकडे वळवावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशी घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेला कळवण्याचा आदेश निघाला. हे योग्यच झाले. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये याच संस्थेला माहिती अधिकाराच्या कायद्यातून सूट मिळाली! कुलपाची किल्ली आम्ही मागत नाही. कुलूप कसे तुटले, जबाबदार कोण, एवढे तरी सरकारने संसदेपुढे मांडावे, असे मला वाटते. चोराच्या भयाने घरधन्यापासूनच हिशेब लपवायचा, ही कसली राखण?