मैफल आणि तबकडी

गेल्या श्रावणांतील एका रविवारीं जेवणें आटोपून मंडळी माजघरांत विसावली होती. आमचा पुतण्या हातांतील फोन पुढें करून हंसत हंसत म्हणाला, "काका, तुमच्या लाडक्या बुवांची काय गत झाली आहे, ती ऐका तरी!" कोठल्याशा परदेशी जलशांत कोणा प्रेक्षकानें टिपलेला अर्ध्या मिनिटाचा तो तुकडा होता. ज्या तार स्वरावर हा गायक ऐन तारुण्यांत लीलया जाऊन बसे, त्या स्वरापाशीं येतांच त्याचा गळा चिरकला होता. गायकाचें नांव आम्ही मुद्दामच सांगत नाहीं. पुतण्या हंसला, सूनबाई हंसली, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण आम्हीही हंसलों. इतक्यांत समोरच्या भिंतीवरील तीर्थरूपांच्या तसबिरीकडे आमचें लक्ष गेलें, आणि तें हंसूं जागच्या जागीं विरलें. असें कां झालें, तें सांगण्याकरितां आजचा हा लेखनप्रपंच.

आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊकच आहे, कीं 'प्रोग्रेसिव्ह मेटल' या नांवाच्या पाश्चात्य संगीताचें वेड आम्हांस तीस वर्षांहून अधिक काळ लागलेलें आहे. नव्या वाचकांकरितां थोडक्यांत सांगतों. विजेच्या गिटारींचा घनगंभीर, प्रसंगीं कर्कश असा नाद हें या संगीताचें बाह्य रूप होय. परंतु त्याच्या आंत शिरून पाहिलें असतां निराळाच प्रकार आढळतो. चार मात्रांची सरळ चाल सोडून पांच, सात, नऊ मात्रांचीं चक्रें, दहा मिनिटांपासून वीस-पंचवीस मिनिटांपर्यंत चालणाऱ्या रचना, आणि कित्येकदां संपूर्ण तबकडीभर एकच कथानक, असा सारा मामला असतो. ज्यांच्या कानांस रूपकाच्या सात व झपतालाच्या दहा मात्रा परिचित आहेत, त्यांना हें संगीत दिसतें तितकें परकें नाहीं. स्वीडनच्या 'मेशुगा' या मंडळीचें वादन ऐकावें. झांजेवर चार मात्रांचा सरळ ठेका चालू असतो, आणि गिटारी मात्र त्यावरून एखादी विषम लांबीची ओळ पुनःपुन्हां फिरवीत जातात. दोहोंची गांठ बऱ्याच वेळानें पडते, आणि त्या ठिकाणीं जी सम येते, तिच्यावर मान आपोआप डोलते.

दुसरें उदाहरण अमेरिकेतील 'टूल' या मंडळीच्या २००१ सालच्या 'लॅटरॅलस' या तबकडीचें. तिच्या शीर्षकगीतांत गायकाच्या तोंडचीं अक्षरें १, १, २, ३, ५, ८ अशा क्रमानें चढत व उतरत जातात, आणि एका मुख्य भागाची चाल ९, ८ व ७ मात्रांच्या गटांची आहे. या संख्यांस युरोपांत फिबोनाचीचें नांव मिळालें, तें त्याच्या १२०२ सालच्या ग्रंथामुळें. परंतु लघु-गुरूंच्या किती मांडण्या होऊं शकतात, हें मोजतां मोजतां छंदःशास्त्रकार विरहांक यास, व पुढें बाराव्या शतकांत आचार्य हेमचंद्रांस, याच संख्या त्याच्या आधीं सांपडल्या होत्या. यावरून 'सर्व कांहीं आमच्याकडे होतेंच' अशी फुशारकी मारण्याचें कारण नाहीं. गाण्यांतील हिशेबाची गोडी ही एकाच देशाची मिरास नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

हें वेड आम्हांस लागलें पुण्यास. १९९३ च्या सुमारास आम्ही तेथें कॉलेजांत असतांना एका मित्रानें 'ड्रीम थिएटर'च्या 'इमेजेस अँड वर्ड्‌स' या तबकडीची कॅसेट आमच्या हातीं दिली. बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयांत शिकणाऱ्या जॉन पेट्रुची, जॉन म्यंग आणि माइक पोर्टनॉय या तिघां विद्यार्थ्यांनीं १९८५ सालीं ही मंडळी उभी केली, आणि ही तबकडी जुलै १९९२ मध्यें बाहेर पडली. सुटींत ती कॅसेट घेऊन आम्ही कोल्हापुरास आलों, आणि माजघरांतच ती लावण्याचें धाडस केलें.

आमचे तीर्थरूप गायन समाज देवल क्लबाचे जुने श्रोते. ही संस्था १८८३ पासूनची. शाहू महाराजांच्या दरबारीं अल्लादियाखांसाहेब होते, त्यामुळें त्यांच्या गायकीचा वारसा या गांवांत पुष्कळांच्या कानांत मुरलेला, आमच्या तीर्थरूपांच्याही. खांसाहेबांचे चिरंजीव भूर्जीखां यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर हे तर त्यांचें दैवतच. मन्सूर सप्टेंबर १९९२ मध्यें गेले, आणि तें दुःख अजून ओलें होतें. अशा घरांत आमची ती कॅसेट गर्जूं लागली! दोन गाणीं त्यांनीं मुकाट्यानें ऐकलीं. मग म्हणाले, "या ओरडण्याचें मला कांहीं कळत नाहीं रे. पण मागें जो ढोल बडवितो आहे ना, त्याचा हिशेब पक्का आहे." एवढ्या प्रशस्तीनें आम्हांस आकाश ठेंगणें झालें. पुढें मात्र आम्ही तरुणपणाच्या तोऱ्यांत बोलून गेलों, "अण्णा, तुमचे बुवा म्हातारपणीं गातात, तेव्हां श्वास ऐकूं येतो. आमच्याकडे असें चालत नाहीं."

अण्णा रागावले नाहींत. त्यांनीं खांसाहेबांची हकीकत सांगितली. तरुणपणीं एका दरबारीं प्रमाणाबाहेर गावें लागल्यामुळें अल्लादियाखांचा गळा बसला, आणि तो पूर्वीचा सुरेल आवाज पुन्हां कधींच आला नाहीं. दुसरा कोणी असता, तर तंबोरा खुंटीस अडकवून मोकळा झाला असता. खांसाहेबांनीं उरलेल्या आवाजास साजेल अशी नवी वाट शोधली. लयीच्या पोटांत शिरणाऱ्या पेंचदार ताना, आवर्तन कोठेंही रितें न सोडतां भरीत जाण्याची ती रीत, अनवट राग, हें सर्व घेऊन जयपूर-अत्रौली घराणें म्हणून जी गायकी उभी राहिली, ती या मोडलेल्या गळ्यांतून. हें सांगून अण्णा म्हणाले, "आवाज गेला, तेव्हां त्यांना हंसणारे कांहीं थोडे नसतील. पण त्या हंसणाऱ्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक आहेत का?"

तो प्रश्न त्या रविवारीं तसबिरींतून पुन्हां विचारला गेला, असें आम्हांस वाटलें.

'ड्रीम थिएटर'चे गायक जेम्स लाब्री यांची हकीकत याच जातीची आहे, आणि ती त्यांनीं स्वतःच जाहीर केलेली आहे. डिसेंबर १९९४ मध्यें क्यूबांत सुटीवर असतांना त्यांना अन्नांतून विषबाधा झाली, आणि वांत्यांच्या उमाळ्यांत स्वररज्जूंस इजा पोंचली. वैद्यांचा सल्ला विश्रांतीचा होता. परंतु जलसे आधींच ठरलेले, म्हणून थोड्याच आठवड्यांत ते जपानांत रंगमंचावर उभे राहिले. गळा पूर्ववत् वाटूं लागण्यास कित्येक वर्षें लागलीं, असें ते पुढें मुलाखतींतून सांगत. आतां मौज पाहा. या मंडळीचा कळस म्हणून पुष्कळ रसिक जिचें नांव घेतात, ती १९९९ सालची 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' ही तबकडी याच दुखऱ्या वर्षांतली! आम्ही ती शेंकडों वेळां ऐकली असेल. त्या सुरांमागें केवढी धास्ती होती, याची आम्हांस तेव्हां कल्पनाही नव्हती.

येथें आम्हां श्रोत्यांचा एक दोष स्पष्टपणें सांगितला पाहिजे. तबकडी म्हणजे अनेक प्रयत्नांतून निवडलेला एक उत्तम प्रयत्न. तो वर्षानुवर्षें घोटून आपण कानांत कायम करतों, आणि मग तीस वर्षांनीं समोर उभ्या असलेल्या जिवंत माणसानें तंतोतंत तसेंच गावें, असा हट्ट धरतों. अल्लादियाखांनीं तबकडीच दिली नाहीं, म्हणून त्यांची कोणाशींही अशी तुलना होऊं शकत नाहीं. त्यांची कला शिष्यांच्या गळ्यांतून आली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांच्या जुन्या तबकड्यांवर एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांपुरतीच जागा असे. ज्यांनीं त्यांची तासभर चालणारी बैठक ऐकली होती, त्यांना तें गाणें म्हणजे समुद्राची ओंजळ वाटे. आणि तरीही त्यांच्या भैरवीची तशीच एक साडेतीन मिनिटांची ओंजळ १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांबरोबर अंतराळांत गेली. यानें निघालीं, आणि त्याच सप्टेंबरांत केसरबाई निवर्तल्या. तेव्हां तबकडीस कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. तबकडी टिकते, हा तिचा मोठा गुण. परंतु टिकणें हा माणसाचा गुण नव्हे, हें ध्यानांत ठेवूनच मैफलीस गेलें पाहिजे.

मैफलीचा म्हणून जो आनंद आहे, तो आम्हीं महाराष्ट्रांतच दोनदां भरभरून घेतला. डिसेंबर २००९ मध्यें इंग्लंडची 'पोर्क्युपाइन ट्री' ही मंडळी पवईच्या आय.आय.टी.च्या 'मूड इंडिगो' उत्सवांत आली, तेव्हां महालक्ष्मी एक्स्प्रेसनें रात्रभर प्रवास करून आम्ही मुंबई गांठली. भोंवतालीं सारीं विशी-बाविशीचीं मुलें. आमच्या शेजारचा एक विद्यार्थी डोळे मिटून मात्रा बोटांच्या पेरांवर मोजीत होता. देवल क्लबांत अण्णा अगदीं असेच मोजीत बसत. त्या क्षणीं ते शेजारीं असावेत, असें फार वाटलें. पुढें २०१६ च्या डिसेंबरांत त्याच मंडळीचे नायक स्टीव्हन विल्सन पुण्याच्या 'एन.एच. ७ वीकेंडर' या महोत्सवांत आले. त्यांची २०१५ सालची 'हँड. कॅनॉट. इरेझ.' ही तबकडी प्रत्येक कुटुंबवत्सल माणसानें एकदां ऐकण्याजोगी आहे. लंडनमध्यें एक स्त्री आपल्या बिऱ्हाडांत मरण पावली, आणि दोन वर्षांहून अधिक काळ कोणास त्याचा पत्ताही लागला नाहीं. २००६ सालीं तें उघडकीस आलें. त्या सत्य घटनेवरून ही कल्पना सुचली. भरल्या शहरांतील एकाकीपण इतक्या कळवळ्यानें मांडणारें संगीत केवळ गोंगाट कसें म्हणावें?

आपल्याकडील तरुणांनींही या प्रांतांत कामगिरी केली आहे. मुंबईच्या 'कोशिश' या मंडळीची २०१३ सालची 'फिरदौस' ही हिंदी तबकडी घ्यावी. तींतील गाण्यांचा खरा क्रम श्रोत्यानें स्वतः शोधून काढावयाचा, म्हणजे कथा उलगडते, अशी तिची योजना आहे. मुलांस सुटींत बुद्धीचा खेळ हवा असेल, तर हा एक उत्तम आहे.

एक व्यवहाराची सूचनाही येथेंच देऊन ठेवतों. पवईहून परतल्यावर दोन दिवस आमचे कान सारखे वाजत होते. दोष कोणाचा नव्हे. ध्वनिक्षेपकाच्या अगदीं पुढ्यांत उभें राहण्याची हौस आमचीच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ मध्यें अशा जलशांकरितां सरासरी १०० डेसिबलांची मर्यादा सुचविली आहे. मुलें जलशास जात असतील, तर त्यांना मोडता घालण्याऐवजीं कानांत बसविण्याचीं फोमचीं बुचें बरोबर द्यावींत. साधा कापूस पुरत नाहीं. कान एकदां बिघडला, म्हणजे मेटलही गेलें आणि मन्सूरही गेले.

आतां त्या रविवाराची राहिलेली गोष्ट. आम्हीं पुतण्यास जवळ बसविलें, आणि प्रथम आपण हंसलों याची कबुली दिली. मग त्याला 'सीन्स फ्रॉम अ मेमरी' अथपासून इतिपर्यंत, सत्याहत्तर मिनिटें, मध्यें न उठतां ऐकावयास लाविली. निकोलस नांवाच्या माणसास संमोहनांत पूर्वजन्म आठवतो, आणि १९२८ सालीं व्हिक्टोरिया नांवाच्या तरुणीचा झालेला खून हळूहळू उघड होत जातो, अशी ती कथा आहे. पुतण्या प्रथम चुळबुळला, पुढें गुंतला. शेवटीं आम्हीं त्याला क्यूबांतील हकीकत सांगितली. तो बराच वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "काका, इतका त्रास होता, तर त्यांनीं गाणें थांबवलें कां नाहीं?" आम्हांस यावर नेमकें उत्तर देतां आलें नाहीं. खांसाहेबांनीं तरी कां थांबवलें नाहीं?

त्याच दिवशीं सायंकाळीं देवघरांत आरती झाली. आमच्या मातोश्रींनीं नव्वदी गांठली आहे. पूर्वीं त्यांचा आवाज चौकापर्यंत ऐकूं जाई. हल्लीं वरच्या पट्टींत गेल्या, कीं तो फाटतो, मध्येंच श्वास तुटतो, आणि एखादी ओळ तशीच सुटून जाते. त्या दिवशींही सुटली. तेव्हां आमच्या या पुतण्यानें झांज जरा हळू केली, ती ओळ स्वतः उचलली, आणि त्यांना दम लागेपर्यंत धरून ठेवली. त्याला तसें करण्यास कोणीं सांगितलें नव्हतें. आम्हीं अण्णांच्या तसबिरीकडे एकवार पाहिलें, आणि टाळी चुकूं नये म्हणून पुन्हां आरतींत लक्ष घातलें.