महाडला जाळलं ते आमच्या खोलीत कसं?

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात लिहून ठेवलंय, मागल्या जन्माचं पाप शिल्लक राहिलं की माणूस मंदबुद्धी, मुका, आंधळा, बहिरा होऊन जन्माला येतो. भल्या लोकांनी त्याची निंदाच करावी. नवव्या अध्यायात तर अशांना बापाच्या इस्टेटीत वाटाच नाही. अन्न-वस्त्र द्या, बस्स. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला हे पुस्तक जाळलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आमच्या बापजाद्यांनी ते देव आणि ते जन्म-पुनर्जन्म दोन्ही सोडले.

मग दोस्तांनो, मला एक सांगा. ज्या खोलीत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी-शेजारी आहेत, त्याच खोलीत पोरगं तीन वर्षांचं होऊनही बोलत नाही म्हटल्यावर म्हातारी पहिलं वाक्य काय बोलते? 'मागल्या जन्माचं भोग हाय.' सासू सुनेला विचारते, तुझ्या म्हायेरात कोण होतं गं असं? बाप दारू पिऊन येतो आणि म्हणतो, तुझ्याच पोटात खोट. शेजारीण लिंबू आणि काळा दोरा आणून देते. कुणी म्हणतं अमक्या बाबाकडं ने, तो पोराला धुरी देतो. महाडच्या राखेतून उठून हे पान आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आलं कसं?

जातीचं गणित आणि ह्या पोरांचं गणित एकच आहे. तू महार जन्मलास, मांग जन्मलास, कारण मागल्या जन्मी पाप केलंस. तुझं पोरगं मुकं जन्मलं, कारण मागल्या जन्मी पाप केलंस. पहिलं गणित खोटं म्हणून आम्ही डोकी फोडून घेतली. दुसरं मात्र गपगुमान सोडवत बसतो. एकच पाढा अर्धा खोटा आणि अर्धा खरा असत नाही.

आता हे काय आहे ते सरळ सांगतो. ऑटिझम, मराठीत स्वमग्नता म्हणतात. शब्द फसवा आहे. असं वाटतं, पोरगं कवीसारखं स्वतःत रमलंय. तसं नाही. हाक मारली तर वळत नाही, बोट दाखवून मागत नाही, नजर देत नाही, बाटल्यांची झाकणं तासन् तास ओळीत लावतं, पंख्याकडं बघत राहतं. जे आपल्या कानाला नुसता आवाज, ते त्याच्या कानात खिळा. आपल्या अंगाला नुसता शर्ट, तो त्याच्या अंगाला काटा. मेंदूची घडणच वेगळी. ती आईच्या पोटातच सुरू होते. मूळ बहुतांशी जनुकांत आहे, हे जुळ्या मुलांच्या अभ्यासातून १९७७ पासून दिसत आलंय. त्यावर गोळी नाही. शिकवता येतं. लवकर सुरुवात केली तर पुष्कळ शिकवता येतं.

आईला दोष देण्याचा धंदा फक्त आमच्याकडचा नाही, हेही ऐका. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरनं १९४३ मध्ये अशी अकरा मुलं पहिल्यांदा नोंदवली. मग साहेबांची विद्या बोलायला लागली की आईबाप थंड, माया नाही, म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटलहाइम नावाच्या गृहस्थानं १९६७ मध्ये ह्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि नाव कमावलं. 'फ्रिजसारखी आई' अशी शिवीच तयार झाली. म्हणजे इकडं मनू आणि तिकडं मनोविकारतज्ज्ञ, दोघांचं बोट एकाच बाईकडं. पुढं हे सगळं खोटं ठरलं. १९९८ मध्ये वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरनं बारा पोरांच्या जोरावर लशीवर खापर फोडलं. तो लेख २०१० मध्ये मासिकानं मागं घेतला आणि त्याची डॉक्टरकीही गेली. पाप नाही, आई नाही, लस नाही. हे वस्तीच्या भिंतीवर रंगवा.

कॅनरच्या खोलीत आलेले आईबाप शिकलेले, पैसेवाले होते. म्हणून कित्येक वर्षं समज असा की हा वरच्या वर्गाचा आजार. अरे, वरच्या वर्गालाच डॉक्टरपर्यंत जायला गाडी होती! काळ्यांच्या वस्तीतलं पोरगं मात्र 'वांड' ठरत होतं. २०२३ मध्ये अमेरिकन सरकारच्या आकड्यांत पहिल्यांदा गोऱ्या मुलांपेक्षा काळ्या आणि लॅटिन मुलांत प्रमाण जास्त निघालं. एकाएकी मेंदू बदलले? नाही. मोजणारे त्या गल्लीत उशिरा पोचले.

आमच्या गल्लीत ते अजून पोचायचेत. २०११ च्या जनगणनेत ऑटिझमचा रकानाच नव्हता. तरी त्याच जनगणनेत देशात अपंगांचं प्रमाण २.२१ टक्के आणि अनुसूचित जातींत २.४५ टक्के. हा फरक कुठल्या पापाचा? ऑटिझम जात बघत नाही. पण गतिमंदपणा, सेरेब्रल पाल्सी, फिट्स ह्यांच्यात जात आणि भूक दोन्ही शिरतात. देशातल्या पाच ठिकाणच्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. दोन ते नऊ वर्षांच्या जवळजवळ दर आठ मुलांत एकाला मेंदूच्या वाढीचा काही ना काही त्रास निघाला. कुणाला जास्त? घरी बाळंतपण झालेल्यांना, जन्मल्यावर उशिरा रडलेल्यांना, कमी वजनाच्यांना, खुरटलेल्यांना. हे मागल्या जन्माचं नाही. ह्याच जन्मात सुईण, रिक्षा, रक्त आणि भाकरी वेळेवर मिळाली नाही त्याचं आहे.

आता त्या बाईकडं बघा. चार घरची धुणीभांडी करते. पोरगं सहा वर्षांचं. पाळणाघर घेत नाही, बालवाडीची बाई म्हणते पोरं चावतं, घेऊन जा. शेजारी किती दिवस बघणार? मग ती पोराच्या कमरेला ओढणी बांधते, दुसरं टोक कॉटच्या पायाला, आणि दाराला कडी लावून कामावर जाते. परतताना तिचा जीव थाऱ्यावर नसतो. तुम्हाला ही गोष्ट क्रूर वाटली? क्रूर ती बाई नाही. तिनं कामावर नाही जायचं ठरवलं तर रात्री चूल पेटत नाही. शिफारस असते रोजच्या शिकवणीची. शहरात खाजगी थेरपीच्या तासाला पाचशे-हजार मोजावे लागतात. तिचा दिवसभराचा पगार त्याहून कमी. सरकारी इस्पितळात फुकट आहे, पण तिथं जायचं म्हणजे एक खाडा. सर्टिफिकेटचा एक खाडा, सही राहिली म्हणून दुसरा, डॉक्टर रजेवर म्हणून तिसरा. तीन खाडे झाले की शेठाणी दुसरी बाई बघते.

त्यात लुटारू टपलेले असतात. एक धुरी देणारा बाबा. दुसरा पांढरा कोट घालून 'स्टेम सेल' टोचणारा, लाखांच्या भावात. ऑटिझमवर हा उपचार शिफारस केलेला नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळानं २०२२ मध्येच सांगितलंय. आईबाप मंगळसूत्र विकून तिथं उभे राहतात. पहिल्या भामट्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारझोड करणं हा गुन्हा आहे, मतिमंद माणसात दैवी शक्ती आहे असं भासवून धंदा करणंही गुन्हा आहे. दाभोलकरांना गोळ्या घातल्यावर तो आला. तो कायदा आपल्या वस्तीत कुणी वापरलाय का?

आणि पांढरपेशांचं काय चाललंय? २०१५ च्या शेवटी दिल्लीहून नवा शब्द आला, 'दिव्यांग'. दैवी अंग! ओळखीचं वाटतं का? आम्हाला कुणीतरी 'हरिजन' म्हणाला होता. देवाची माणसं म्हणायचं आणि विहिरीला हात लावू द्यायचा नाही. आम्ही तो शब्द थुंकून टाकला आणि स्वतःचं नाव स्वतः घेतलं. पोराला दैवी म्हटलं की शाळेला रॅम्प बांधावा लागत नाही, शिक्षक नेमावा लागत नाही. दुसरीकडं सिनेमावाले सांगतात, ही मुलं लपलेली जिनियस असतात. कुणी असेलही. बहुतेक नसतात, जशी आपल्यातली बहुतेक नसतात. आमचं पोरगं गणितात चमत्कार करणार नाही. शर्टाची बटणं स्वतः लावेल, 'पाणी' म्हणेल, नाहीतर पाण्याच्या चित्रावर बोट ठेवेल. एवढ्यावरही ते अख्खं माणूस आहे. माणूसपणाची परीक्षा आम्ही दोन हजार वर्षं देत आलो. ती ह्या पोरांना लावायची नाही.

कायदा आहे. त्याचं ओझं वाहायला माणसं नाहीत. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले, ऑटिझम त्यात आला. चाळीस टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं फुकट शिक्षण हा हक्क आहे, भीक नाही. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव. पण त्यातला एकच टक्का ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व, शिकण्याची अडचण, मानसिक आजार आणि बहुअपंगत्व ह्या सगळ्यांत मिळून! सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं, पहिली ते पाचवीला अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक, पुढं पंधरांमागं एक. तुमच्या वॉर्डातल्या महापालिकेच्या शाळेत जाऊन मोजा. मोजून या आणि मग बोलू.

कुणी म्हणेल, घरचं दुखणं आहे, चळवळीचा काय संबंध? संबंध बाबासाहेबांनीच दाखवून ठेवलाय. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले त्याचा मतलब असा, की आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनंही उचलावा. ज्याची चार लेकरं तान्हेपणीच गेली तो बाप हे बोलत होता. त्याच वाक्याचा धागा पुढं ओढा. बाळंतपण देशाचं, तर आयुष्यभर सांभाळावं लागणारं लेकरू एकट्या आईचं कसं? ती घरात करते ते काम आहे. कामाला दाम पाहिजे, सुट्टी पाहिजे, बदली माणूस पाहिजे.

आणि ज्यांच्या नावावरून आपण १९७२ मध्ये पँथर झालो त्यांचंही ऐका. एप्रिल १९७७, सान फ्रान्सिस्को. अपंगांना भेदभावापासून वाचवणारं कलम १९७३ मध्येच पास झालं होतं. त्याचे नियम काढायला सरकार टाळाटाळ करत होतं. शंभरावर अपंग माणसं सरकारी इमारतीत घुसली आणि तीन आठवड्यांहून जास्त तिथंच बसली. व्हीलचेअरवाले, आंधळे, बहिरे. त्यांना रोज गरम जेवण कुणी पोचवलं? ब्लॅक पँथरांनी. त्यांचाच एक माणूस, ब्रॅड लोमॅक्स, मल्टिपल स्क्लेरोसिसनं खुर्चीत बसलेला, आत होता. सरकारला सही करावी लागली. कुठल्या पँथरानं विचारलं नाही की हा आपला प्रश्न आहे का.

आता आपल्या दारात या. चौदा एप्रिलला आपण डीजेच्या भिंती उभ्या करतो. बेस असा की पत्रे थरथरतात. त्याच लायनीत एक पोरगं कानावर हात दाबून डोकं भिंतीवर आपटत असतं आणि आई दोन गाद्यांमध्ये त्याला धरून बसलेली असते. तिलाही जयंतीला यायचं असतं, दोस्तांनो. ती पण बाबासाहेबांचीच लेक. मिरवणुकीतला एक तास ढोल-डीजे बंद ठेवा, त्या लायनीतून नुसते निळे झेंडे आणि माणसं जाऊ द्या. बाबासाहेबांचा काय अपमान होतो ते मला कुणी सांगावं.

बाकी मागण्या लिहून घ्या. प्रत्येक वॉर्डात थेरपीचं सरकारी केंद्र, संध्याकाळीही उघडं, म्हणजे खाडा पडणार नाही. सर्टिफिकेटचं शिबिर वस्तीत, रविवारी. महापालिकेच्या शाळेत विशेष शिक्षक कायम नोकरीवर. सांभाळणाऱ्या आईला दरमहा भत्ता. अठरा पूर्ण झाल्यावर पोरगं कुठं जाणार त्याचं उत्तर, कारण प्रत्येक आईबापाच्या उशाखाली एकच प्रश्न आहे: आपण मेल्यावर ह्याचं कोण? त्या प्रश्नापायी काही माउल्या आपल्या लेकराआधी मरायला घाबरतात आणि लेकरू आपल्याआधी जावं असं रात्री पुटपुटतात. आईला असं पुटपुटायला लावणाऱ्या व्यवस्थेला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सरकारची वाट न बघता आपल्याला करता येईल ते असं. प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीत घरोघर फिरून यादी करावी. दुपारी कडी लावलेली दारं सगळ्यांना ठाऊक आहेत. पोरं कॉलेजात शिकतात, फॉर्म भरता येतात, इस्पितळाच्या रांगेत सकाळी सातला उभं राहता येतं. आठवड्यातून दोन दुपारी पोराजवळ बसता येतं. कसं बसायचं ते त्याच्या आईकडून शिकून घ्या, तिला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. आणि तिच्या सासूसमोर, शेजारणीसमोर, बाबाच्या चेल्यासमोर मोठ्यानं सांगा की हे पाप नाही.

ओढणीची गाठ आपणच सोडायची आहे. येत्या रविवारी यादीपासून सुरुवात करा.