शिंका, जानमाज आणि मनी

फजरच्या नमाजात सजद्याला गेलो की रात्री जानमाजवर कोण झोपले होते, ते आमच्या नाकाला आधी कळते. पहिली शिंक दाबता येते, दुसरीही कशीबशी. सलाम फिरवेपर्यंत मात्र डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात. अम्मीला पहिले काही दिवस वाटले, मुलगा अल्लाहच्या भयाने रडतो आहे. ती फार समाधानी होती. खरे कारण कळल्यावर म्हणाली, "म्हणजे ते मांजर होय?"

शिंकणाऱ्याने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणावे आणि ऐकणाऱ्याने 'यरहमुकल्लाह' म्हणून दुआ द्यावी, हे मुलांना आम्हीच शिकवले. तीन वेळा दुआ दिल्यावर त्या माणसाला सर्दी झाली आहे असे समजावे, असेही हदीसमध्ये आले आहे. मुलांच्या नेमके तेवढेच लक्षात राहिले. चौथ्या शिंकेला आता घरात कोणी मान वर करत नाही.

मनी आली ती दोन वर्षांपूर्वी, भर पावसात. पडवीतल्या लाकडांच्या मागे भिजून बसली होती. मुलांनी दूध दिले, अम्मीने बांगड्याचे डोके दिले, आणि ती घरची झाली. तांदळाच्या पोत्यांना लागणारे उंदीरही गेले. आमच्या शिंका मात्र तेव्हापासूनच्या.

शिंकांवर हसता येते. पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री छाती वाजू लागली, श्वास पुरेना, आणि पहाटेपर्यंत उशीला टेकून बसावे लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, "ही मांजराची ॲलर्जी आहे, आणि आता ती छातीत उतरली आहे."

घरात दोन तट पडले. मामू म्हणाले, "पोत्यात घालू आणि मासळीबाजारात सोडून येऊ. तिथे खायला काय कमी?" धाकटीचे डोळे भरले. तिने विचारले, "मग आपण त्या बाईसारखे नाही का होणार?" मांजराला कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस तिला मदरशात शिकवली होती. त्या बाईने स्वतः खायला दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंगे पकडून खायलाही सोडले नाही. मांजर मेले आणि ती शिक्षेस पात्र ठरली. मामूंना उत्तर सुचले नाही, आम्हालाही नाही. माणसाच्या हातून खायला शिकलेले मांजर कुत्र्यांच्या बाजारात सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे.

पण आपले शरीर हीदेखील अल्लाहची अमानतच. दुसऱ्याला इजा करू नये तशी स्वतःलाही होऊ देऊ नये. दम कोंडत असताना मांजर कुशीत घेऊन झोपणे ही दया नाही, हट्ट आहे.

आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले, दोष केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असते. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिचा आणि कातडीच्या कोंड्याचा बारीक कण हवेत तरंगतो, कपड्यांना आणि गाद्यांना चिकटतो. मांजर गेले तरी तो घरात काही महिने टिकू शकतो. म्हणून मनीला हाकलून त्याच आठवड्यात आराम पडला नसताच.

मग घराचे नियम बदलले. झोपायच्या खोलीचे दार मनीला कायमचे बंद. जानमाज आता कपाटात. सतरंजी काढून टाकली. केरसुणीने धूळ उडते, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसतो. चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. मनीला विंचरण्याचे काम थोरल्याचे, तेही अंगणात. तिला हात लावला तर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळे चोळायचे नाहीत. डॉक्टरांनी दिलेला पंप नेमाने, बरे वाटले तरी. आणि एक गोष्ट आधीच ठरवली आहे: एवढे करूनही छातीचा त्रास वाढला तर मनी फुफूच्या घरी जाईल. फुफूंनी होकार दिला आहे. वाचकांपैकी कोणाला दमा असेल तर आमचे पाहून मांजर पाळू नये, आधी डॉक्टरांना विचारावे.

झोपलेल्या मांजरासाठी प्रेषितांनी (स.) बाही कापल्याची गोष्ट घरोघरी सांगतात. हदीसच्या प्रमाण ग्रंथांत ती सापडत नाही. आम्हाला दुसरी एक जास्त जवळची वाटते. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी सुनेने वजूचे पाणी ओतले, तेवढ्यात मांजर आले. त्यांनी भांडे कलते केले आणि त्याला पिऊ दिले. सून बघतच राहिली. तेव्हा त्यांनी सांगितले की प्रेषितांच्या (स.) म्हणण्यानुसार मांजर नापाक नाही, ते तुमच्यात फिरत राहणाऱ्यांपैकी आहे.

फिरत राहणाऱ्यांपैकी. मनी आता पडवीत, अंगणात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत फिरते. रात्री बंद दाराबाहेर थोडा वेळ म्यांव करते, मग लाकडांवर जाऊन झोपते. पहाटे आम्ही कपाटातून जानमाज काढतो. शिंक आली तरी एखादीच येते, आणि धाकटी अंथरुणातूनच दुआ देते.