पडवीतला पिंजराही आत घ्या!

वादळाचा इशारा आला की आपण होड्या वर ओढतो, पत्र्यांवर दगड ठेवतो, गुरांची सोय बघतो. पडवीत टांगलेला पिंजरा मात्र तसाच राहतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' श्रीवर्धनजवळ धडकलं. ताशी ११०-१२० किलोमीटरच्या त्या वाऱ्यापुढे कौलं-पत्रे टिकले नाहीत, तिथे हुकाला लटकवलेल्या पिंजऱ्याचं काय? मोकळा पक्षी निदान आडोसा तरी शोधतो. आपण कोंडलेल्याला तीही सोय नाही.

करायचं फार नाही. पिंजरा आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब ठेवा. घरात पाणी शिरत असेल तर उंचावर. तीन बाजू सुती चादरीने झाका, चौथी हवेला उघडी राहू द्या. वीज गेली म्हणून त्याच खोलीत कंदील, डासांची कॉइल लावू नका. धुराचा त्रास पक्ष्याला माणसाआधी होतो. 'निसर्ग'नंतर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, तेव्हा दाणा-पाणी आठवडाभराचं भरून ठेवा.

ऐन वादळात दार उघडून देणं ही सुटका नव्हे. घर सोडावं लागलं तर पिंजरा सोबत न्या. आणि देशी पोपट असेल तर तो पाळायला १९७२ च्या कायद्याने बंदीच आहे. वादळाची वाट न बघता वनविभागाशी बोला.

सरपंच मंडळींना एकच विनंती. भोंग्यावरून होड्या-गुरांची सूचना देता, त्यात एक वाक्य वाढवा, 'पिंजरे आत घ्या.' निवारा केंद्रात त्यांच्यासाठी एक कोपरा ठेवा. याला निधी लागत नाही!