घरातल्या घरात

ताईच्या साखरपुड्याचे फोटो दादाच्या फोनमध्ये असतात. दादा हॉलमध्ये, आई किचनमध्ये, मधे एक भिंत. आई म्हणते, "पाठव रे मला." दादा सोफ्यावरून न उठता वीसेक फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो. ते फोटो घराबाहेर पडतात, कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरपर्यंत जातात आणि त्याच राउटरमधून परत आत येऊन आईच्या फोनवर उतरतात. वाटेत बारीकही होतात. आईला मिळतात ते ताईच्या साडीची जर पुसट झालेले फोटो, आणि तिला वाटतं, आपलाच फोन साधा आहे.

असं जवळपास सगळ्याच घरांत चालतं. दोष कुणाचा नाही, सवय लागली आहे. पण तिचा हिशेब एकदा मांडून बघा. लग्नाच्या शूटिंगवाल्याने दिलेला पेन ड्राइव्ह घ्या, समजा २० जीबीचा. घरी ४० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. तो व्हिडिओ क्लाउडवर चढायला एक तासाहून जास्त लागणार, आणि दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवर उतरवायला पुन्हा तितकाच वेळ. तीच फाइल घरच्याच वाय-फायवरून, ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर, ३०० एमबीपीएसचा वेग मिळाला तर नऊ मिनिटांत जाते. त्या वेळी इंटरनेट बंद पडलेलं असलं तरी फरक पडत नाही.

अनेकांच्या डोक्यात गोंधळ होतो तो इथेच. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. राउटर हा वाड्यातल्या चौकासारखा असतो. या खोलीतून त्या खोलीत जायला चौक पुरतो, दिंडी दरवाजा उघडून रस्त्यावर जावं लागत नाही. राउटर घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला एक पत्ता देतो, बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होणारा. हे पत्ते घरातल्या, ऑफिसातल्या वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. म्हणजे घरातल्या घरात बोलण्याची सोय आधीपासूनच आहे. आपण ती वापरत नाही, इतकंच.

खरं तर वापरत होतो. कॉलेजच्या कट्ट्यावर शेअरइट किंवा झेंडर उघडून अख्खा सिनेमा या फोनमधून त्या फोनमध्ये टाकणारे सीनियर्स आठवतात? २९ जून २०२० ला सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात ही दोन्ही होती. तोवर डेटा इतका स्वस्त झाला होता की पर्याय शोधायची कुणाला गरजच वाटली नाही. मग १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवणूक संपली आणि १५ जीबीची मर्यादा लागू झाली, तीही जीमेल आणि ड्राइव्ह मिळून. आता दर महिन्याला पैसे भरा, नाहीतर फोटो उडवा.

उडवतं कोण, हेही बघा. बहुतेक घरांत सगळ्यात कमी स्टोरेजचा फोन आईकडे किंवा आजीकडे असतो. कुणाचा तरी जुना झालेला. 'स्टोरेज फुल' आलं की जागा करायला सगळ्यात मोठी फाइल आधी जाते. आणि सगळ्यात मोठी फाइल म्हणजे लांबलचक व्हिडिओ. आजीने ओवी म्हटलेली, आजोबांनी गावच्या विहिरीचा किस्सा सांगितलेला. गुड मॉर्निंगचे गुलाब मात्र हलके असतात, ते टिकतात. घरात ५०० जीबीची हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप असतो, तो आपला; त्यावर गेम्स असतात.

म्हणूनच आमचं म्हणणं आहे की हे काम आपल्या पिढीचं आहे. घरच्या वाय-फायचा पासवर्ड आपण ठेवतो, टीव्हीची सेटिंग्ज आपण लावतो, मग हेही आपणच करायला हवं. फार अवघड नाही. दोन्ही अँड्रॉइड असतील तर क्विक शेअर, दोन्ही आयफोन असतील तर एअरड्रॉप. एकाकडे हा, दुसऱ्याकडे तो, तिसऱ्याकडे विंडोजचा लॅपटॉप अशी खिचडी असेल तर लोकलसेंड नावाचं मोफत, ओपन सोर्स अ‍ॅप सगळ्यांवर चालतं. वाय-फाय तेवढं एकच हवं. लॅपटॉपवरचं एक फोल्डर नेटवर्कवर शेअर केलं, की फोनवरच्या व्हीएलसीमधून त्यातली गाणी, व्हिडिओ थेट वाजवता येतात, कॉपीसुद्धा करावी लागत नाही. आणखी पुढे जायचं असेल तर जेलीफिन आहे. जुन्या लॅपटॉपवर बसवलं की घरचे व्हिडिओ टीव्हीवर पोस्टरसकट ओळीने दिसतात. ओटीटीसारखंच, फक्त हिरो बाबा असतात.

व्हीएलसीची गोष्ट तर आपल्याच वयाच्या मुलांची आहे. पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांना कॅम्पसवर वेगवान नेटवर्क हवं होतं. (कशासाठी? गेम्ससाठी. हॉस्टेल कुठलंही असो.) गेम्स हे कारण प्रशासनाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून नेटवर्कवरून टीव्ही दाखवण्याचा प्रकल्प १९९६ मध्ये सुरू झाला. २००१ मध्ये तो सगळ्या जगासाठी खुला केला गेला. त्या आयकॉनवरचा नारिंगी शंकू म्हणजे त्या मुलांनी रस्त्यांवरून गोळा करून आणलेले ट्रॅफिक कोन.

कंपन्यांनी मात्र या कामात फारसा रस दाखवलेला नाही. टीव्ही, फोन, कॉम्प्युटर एकमेकांशी बोलावेत म्हणून २००३ मध्ये बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि त्यातून पुढे डीएलएनएची मानकं आली. ती संघटना २०१७ मध्ये विसर्जित झाली. विंडोजमधलं होमग्रुप २०१८ मध्ये काढून टाकलं गेलं. घरातल्या घरात झालेल्या देवाणघेवाणीतून महिन्याचं भाडं वसूल होत नाही, हे त्यामागचं एक कारण असावं असा आम्हाला संशय आहे. इंटरनेट जोडून देणाऱ्यांचंही तेच. माणूस येतो, वाय-फायचा पासवर्ड कागदावर लिहून देतो आणि जातो. राउटरच्या सेटिंग्जचा पासवर्ड मागितला तर, "तुम्हाला कशाला लागतो?" आमच्या घरातला राउटर आहे, म्हणून लागतो.

हॉस्टेलवाल्यांची अडचण वेगळी. तिथल्या वाय-फायवर बहुतेकदा एका यंत्राला दुसरं दिसूच नये अशी सोय केलेली असते आणि शेकडो अनोळखी लोकांच्या नेटवर्कवर ती योग्यच आहे. तिथे एकाने हॉटस्पॉट चालू करावा, दुसऱ्याने जोडावा, मोबाइल डेटा बंद ठेवावा. फाइल थेट जाते, पॅकमधला एक एमबीही खर्च होत नाही.

यातला धोकाही सांगायला हवा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरची कॉम्प्युटर्स बंद पाडली, ती विंडोजच्या याच फाइल शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या भोकातून शिरून. म्हणून अपडेट्स टाळू नका, अख्खी ड्राइव्ह शेअर न करता एकच फोल्डर करा आणि पाहुण्यांसाठी राउटरवर गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा. कॅफेच्या वाय-फायवर लॅपटॉपने विचारलं तर 'पब्लिक' निवडा. शिवाय घराला आग लागली, डिस्क बसली, तर सगळंच जातं. मोजक्या फोटोंची एक प्रत क्लाउडवर किंवा मावशीच्या घरी असलेली बरी.

आणि घरातही खासगीपणा असतो. बहिणीची गॅलरी टीव्हीवर आपोआप फिरायला लागली तर त्याला शेअरिंग म्हणत नाहीत. कोणाचे कोणते फोटो सामायिक फोल्डरमध्ये जाणार, हे ज्याचं त्याने ठरवायचं. दिवाळीच्या सुट्टीत एक दुपार काढून आईशेजारी बसा. तिच्या फोनमधलं काय ठेवायचं ते तिलाच निवडू द्या आणि फोल्डरचं नावही तिलाच विचारा. ती 'न्यू फोल्डर २' नक्कीच ठेवणार नाही.